नसण्याचा दिवस

आठच्या ठोक्याला पावलं वाजली तेव्हा घरातलं कुणीही दार उघडायला उठलं नाही. तसं आदल्या दिवशीच ठरलं होतं. कडी काढूनच ठेवली होती. धाकटा दार ढकलून आत आला, नेहमीसारखे दोनदा पायपुसण्यावर पाय घासले आणि बैठकीच्या खोलीच्या मधोमध उभा राहिला. त्याच्यामागून काठी टेकत म्हातारे ब्रदर आले. त्यांच्याकडे मात्र सगळ्यांनी पाहिलं. बाबांनी लगबगीने खुर्ची दिली आणि "येताना त्रास नाही ना झाला?" असंही विचारलं. त्रास कसला डोंबलाचा! मिशनचं फाटक आणि हे घर यांच्यामध्ये एक गल्ली आणि एक बेकरी. पण बाबांना काहीतरी बोलणं भाग होतं.

"सहा वाजता घंटा होईल," म्हातारे ब्रदर म्हणाले. "तोपर्यंत तो नाही."

"नाही," बाबा म्हणाले.

ताईचा सख्खा भाऊ तिच्यापासून चार हातांच्या अंतरावर उभा होता. त्याच्या अंगावरचा पांढरा झगा तिनेच शिवला होता, डाव्या बाहीची शिवण दोनदा उसवून. मिशनच्या सगळ्याच ब्रदरांचे झगे ती शिवायची, त्यामुळे तिला कुणाचा खांदा कुठे उतरता आहे हेही पाठ होतं. आणि आज त्या खांद्याकडे पाहायचं नव्हतं. तिने नजर भिंतीवर नेली. भिंतीवर पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

ब्रदर आपली खुर्ची घेऊन व्हरांड्यात जाऊन बसले. साक्षीदाराने घरात बसायचं नाही, दाराबाहेर बसायचं, असा नियम. त्यातून ते डाव्या कानाने ठार बहिरे.

वहिनीला या घरात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि नवरा, म्हणजे ताईचा थोरला भाऊ, बोटीवर नोकरीला गेलेला. तिला हे सगळं खुळचटपणाचं वाटत होतं आणि ते लपवण्याची कला तिच्याकडे नव्हती. स्वयंपाकघरात शिरल्याशिरल्या तिने विचारलं, "पण मुळात हे कशासाठी?"

"परदेशी जाणाऱ्या प्रत्येक ब्रदरला निघण्याआधी एक दिवस घरी पाठवतात," आत्या कांदा चिरता चिरता म्हणाली. "दात उपटायला शिकवतात, मोडलेलं हाड बसवायला शिकवतात, विहीर खणायला शिकवतात, आणि सगळ्यात शेवटी हे. त्याने बोलायचं नाही, खायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. आपण त्याच्याकडे पाहायचं नाही. आपल्यावाचून घर चालतं, एवढं त्याने डोळ्यांनी बघायचं आणि मग बोटीत बसायचं."

"आणि कुणी बोललं तर?"

"आपल्यापैकी कुणी हाक मारली, तर तो अजून घरातून सुटला नाही असं धरतात आणि वर्षभर मागे ठेवतात. तो आपणहून बोलला, तर संपलंच. झगा उतरवायचा आणि घरी बसायचं."

"पाणीसुद्धा द्यायचं नाही?"

"आहे कोण प्यायला?" आत्या म्हणाली आणि कांद्याने भरून आलेले डोळे पुसले.

एवढ्यात बाबा दारात आले. तीस वर्षं मिशनमध्ये सुतारकाम शिकवल्यामुळे मिशनबद्दल त्यांना मिशनपेक्षा जास्त माहिती असायची. जाणाऱ्या प्रत्येक ब्रदरच्या घरी आदल्या दिवशी जाऊन घरच्यांना सगळं समजावून सांगणं, हे कामही त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. आज ते आपल्याच घरच्यांना समजावत होते.

"शेवटच्या तासात जपा," ते आवाज खाली आणून म्हणाले. "काही वेळा पोरगा स्वतःच बोलायला लागतो. मला जायचं नाही, मला ठेवून घ्या, असलं काहीतरी. ती परीक्षा असते. घराची परीक्षा. कुणी वळायचं नाही."

"परीक्षा आहे हे कसं कळणार?" आईने विचारलं.

"मी सांगतोय ना."

आईने मान हलवली. पदरात चेहरा लपवून रडणाऱ्यांतली ती नव्हती. ती कामाला लागणाऱ्यांतली होती. तिने झाडू उचलला आणि बैठकीची खोली झाडायला घेतली. धाकटा मधोमध उभा होता तिथे ती थांबली नाही. झाडू त्याच्या पायांच्या या बाजूने नेला, त्या बाजूने नेला, आणि पुढे गेली. ते इतकं बेमालूम झालं की ताईला आईची भीती वाटली.

पण ताईची खरी भीती वेगळीच होती, आणि ती सांगायला कुणी नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी धाकटा झगा अंगावर घालून बघायला आला होता. ती गुडघ्यावर बसून खालची घडी टाचत होती, तेव्हा वरून तो म्हणाला होता, "ताई, तिथली भाषा आम्हाला टेपवर शिकवतात. टेपवर जे ब्रदर बोलतात ना, ते तिथेच वारले. अकरा वर्षं झाली. बोलताना मध्येच खोकतात. आता आम्ही सगळे त्यांच्यामागून वाक्यं म्हणताना तो खोकलासुद्धा म्हणतो."

"मग तो सोडून म्हणा की."

"सोडता येत नाही." मग जरा थांबून, "तिथली माणसं वाईट नाहीत गं. समुद्रही वाईट नाही. पण तिथे मी नसेन. तिथे तो टेपवरचा माणूस असेल."

"मग सांगून टाक. नाही जायचं म्हणून."

"बाबांना? ज्यांनी दोनशे पोरांच्या हातात रंधा दिला आणि निरोप दिला, त्यांना?" तो खाली वाकला होता. "तू एक कर. त्या दिवशी घंटेच्या आत मला एकदा हाक मार. फक्त धाकट्या म्हण. मग मला पाठवणार नाहीत, आणि मी माघार घेतली असंही व्हायचं नाही."

तोवर तिने तोंडात टाचण्या धरल्या होत्या म्हणून नुसती मान हलवली होती. तिचा होकार हा असा होता, आणि तो घेऊन ती गेले तीन आठवडे फिरत होती. एक शब्द तर टाकायचा होता. त्यात काय मोठंसं, असं सकाळपर्यंत वाटत होतं.

अकराच्या सुमाराला आत्याने तिला मागच्या पडवीत गाठलं.

"तू हाक मारणार आहेस," आत्या म्हणाली. विचारलंच नाही.

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या तोंडाने. सकाळपासून तीनदा उघडून मिटलंस. माझंही असंच झालं होतं."

काकांच्या वेळी कुणीतरी हाक मारली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काका म्हणजे बाबांचे पाठचे भाऊ. सव्वीस वर्षांपूर्वी तेही असाच झगा घालून याच खोलीत उभे होते. हाक आजीने मारली असं बाबा सांगायचे. आजी जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

"आई नव्हती ती. मी होते," आत्या म्हणाली. "ती गेल्यावरही तिच्याच नावावर राहू दिलं मी. काय करणार, तेव्हा तिनेच अंगावर घेतलं."

"पण काका राहिले ना? तुझ्या मनासारखंच झालं."

"राहिला." आत्याने पडवीच्या टोकाला असलेल्या कारखान्याकडे पाहिलं. आतून रंध्याचा एकसारखा आवाज येत होता. "वर्षभराने जायचं होतं, ते वर्ष काही आलं नाही. पण त्या दिवशी आम्ही त्याच्याकडे बघायचं जे सोडलं ना, ते पुन्हा बघितलंच नाही. मुद्दाम नाही गं. कुणी वाईट नव्हतं. आज लाज वाटते म्हणून नको, उद्या काय बोलावं सुचत नाही म्हणून नको. असं करत करत अंगवळणी पडलं. तू मला सांग, तू त्याच्याशी शेवटचं कधी बोललीस?"

ताईने आठवून पाहिलं. काका रोज दिसायचे. सगळ्या ब्रदरांच्या प्रवासाच्या पेट्या तेच बनवायचे, बाबा नुसते शिकवायचे. त्यांचं ताट लागायचं, कपडे धुतले जायचे. घरात त्यांच्याबद्दल बोलणंही व्हायचं, त्यांच्यासमोरच. पण त्यांच्याशी? तिला एकही वाक्य आठवेना.

"बघ बाई," आत्या म्हणाली. "हाक मारून माणूस थांबतो. परत येतोच असं नाही."

एक वाजता आईने ताटं मांडली. वहिनी आपल्या रांगत्या छोटीला कडेवर घेऊन टेबलाशी बसली आणि धाकट्याच्या अंगावरून बोलायला लागली, कारण तो तिच्या आणि बाबांच्या मधे, कपाटापाशी उभा होता. "ती मागची खोली आता रिकामीच राहणार, तर छोटीचा पाळणा तिथे हलवू का?"

"हलव की," बाबा म्हणाले. "खाट मी काढून देतो."

"खाट राहू दे," आई म्हणाली.

"कुणासाठी?"

आईने एक ताट उगाच सरळ केलं. "बरं, काढा," ती शेवटी म्हणाली, आणि ताईला कळलं की आईकडून आता काही आशा नाही. सकाळपासून तिला वाटत होतं की आपल्याआधी आईच हाक मारून मोकळी होईल. आईचं काळीज आईचंच, वगैरे. पण आई जे करायला घेते ते तडीस नेते. तिने मुलाला पुसून टाकायचं काम हातात घेतलं होतं आणि त्यात ती कुठेही कमी पडत नव्हती.

सगळे बसले. तेवढ्यात काका कारखान्यातून आले, मोरीवर हात धुतले, आणि टेबलापाशी येऊन थबकले. टेबलावर पाचच ताटं होती. बाबा, आई, आत्या, वहिनी, ताई. एक ताट मांडायचं नाही हे आईच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि तिने ते मांडलं नव्हतं. फक्त ते काकांचं होतं.

काका क्षणभर टेबलाकडे पाहत राहिले. चेहऱ्यावर राग नाही, नवल नाही, काही नाही. बस चुकली की माणूस पुढच्या बसची वाट पाहायला लागतो, तसे ते निमूटपणे वळले आणि चालू लागले. टेबलावर कुणाच्याच लक्षात आलं नाही. बाबा पाव तोडत होते. ताईने मात्र पाहिलं, आणि कपाटापाशी उभ्या असलेल्या धाकट्यानेही पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. ती व्हायची नव्हती. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते तिने आयुष्यात पुन्हा कधी पाहू नये असं तिला वाटलं.

"काका!" ती ओरडली.

टेबलावरचे सगळे हात जागीच थांबले. व्हरांड्यात खुर्ची करकरली आणि म्हातारे ब्रदर दारातून डोकावले. "कुणी हाक मारली?"

"काकाला," बाबा घाईघाईने म्हणाले. "माझ्या भावाला मारली."

"हां, मग काही हरकत नाही," ब्रदर म्हणाले, आणि पुन्हा व्हरांड्यात वाढलेल्या आपल्या ताटाकडे गेले.

काका थांबले नव्हते. हाक आपल्याला आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ते पडवीतून चालत गेले आणि थोड्या वेळाने रंधा सुरू झाला.

ताईने आपलं ताट उचललं आणि कारखान्यात नेऊन त्यांच्यापाशी ठेवलं. ते एका मोठ्या पेटीवर बसले होते. पेटीला कुलूप होतं आणि झाकणावर काकांच्या नावाची फिकट झालेली अक्षरं. सव्वीस वर्षांपूर्वी भरलेली ती पेटी कुणी उघडलीच नव्हती. समोर दुसरी पेटी तयार होत आली होती, कोऱ्या लाकडाची. तिच्यावरचं नाव कुणाचं ते वाचायची गरज नव्हती.

"जेवा," ती म्हणाली. काकांनी ताटाकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.

दुपारी घर आडवं झालं. वहिनीने छोटीला जमिनीवर सोडलं. सकाळी हीच पोर रांगत रांगत धाकट्याच्या झग्याला जाऊन लोंबकळली होती आणि तिला ओढून आणावं लागलं होतं. आता ती पुन्हा तिकडेच निघाली. धाकट्याच्या पायांशी आली, जराशी थांबली, आणि पायांना वळसा घालून मागच्या चेंडूकडे गेली. वरती पाहिलंसुद्धा नाही.

"बघा, शिकली," वहिनी हसून म्हणाली. मग तिचं हसू हळूहळू मावळलं. "ताई, तिला कुणी शिकवलं हो?"

चारच्या सुमाराला धाकटा बैठकीच्या खोलीत नव्हता. ताईने स्वयंपाकघर पाहिलं, पडवी पाहिली, मागची खोली पाहिली. पुन्हा एकदा सगळीकडे फिरली. व्हरांड्यात ब्रदर डुलक्या काढत होते, त्यांना ओलांडून कुणी गेलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा ती मागच्या खोलीत आली तेव्हा तो तिथेच होता, खाट आणि खिडकी यांच्यामध्ये, भर उजेडात. तो तिथून हलला नव्हता. दोनदा तिने त्याच जागी पाहिलं होतं आणि तिला तो दिसला नव्हता.

ती खाटेवर बसली. हाक मारली तर हा घरातच राहील आणि सव्वीस वर्षांनी कुठल्यातरी पेटीवर बसून जेवेल. नाही मारली तर परवा बोटीत चढेल आणि मेलेल्या माणसाचा खोकला खोकेल. दोन्हीकडून तो जाणारच होता. तिला रडू कोसळलं आणि तिने ते आवरलं नाही. समोर उभा असलेला भाऊ काही करू शकत नव्हता, आणि त्याने काही केलंही नाही.

साडेपाचला सगळे बैठकीच्या खोलीत जमले. बाबांनी ठेवणीतला सदरा घातला होता. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आत्या डोळे मिटून बसली होती. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज इतका मोठा आहे हे ताईला पहिल्यांदाच कळलं. पावणेसहा झाले. तिने तोंड उघडलं.

धाकटा तिच्याकडेच पाहत होता. त्याने मान हलवली. नको. अगदी थोडी, पण नको.

मग तो बोलला. "आई, मला जायचं नाहीये."

आईने टॉवेलची घडी घातली. बाबा खिडकीकडे पाहत राहिले. वहिनीने छोटीला छातीशी घट्ट धरलं. दिवसभराने आलेला तो आवाज घोगरा होता आणि खोलीत कुठे जाऊन पडला ते समजलं नाही.

"आई. मी जाणार नाही."

आईने दुसरा टॉवेल घेतला. तीही घडी नीट बसली.

"बाबा," तो म्हणाला. "मी इथे आहे."

"उकडतंय नाही आज?" बाबा कुणाकडेही न पाहता म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. ते परीक्षा देत होते, आणि तीत पहिले येत होते.

ताईच्या मनात एकदा येऊन गेलं की खरंच परीक्षा असेल तर? मग तिच्या नजरेसमोर आले ते पाच ताटांसमोर उभे असलेले काका. परीक्षा असो नाहीतर आणखी काही असो, तिला काही देणंघेणं उरलं नाही.

"ऐकलं मी," ती म्हणाली. तिने खुर्ची फरफटत त्याच्यापाशी नेली. "धाकट्या, बस. सकाळपासून उभा आहेस."

"ताई!" बाबा ओरडले. "घालवलंस! पंधरा मिनिटं उरली होती!"

एवढा मोठा आवाज उजव्या कानापर्यंत पोचायला हरकत नव्हती. ब्रदर काठी टेकत आत आले. "काय झालं? कोण बोललं?"

"पोरगी बोलली," बाबा म्हणाले. त्यांनी क्षणात सगळं सावरून घेतलं. "तिला राहवलं नाही. एक वर्ष मागे राहील तो, एवढंच. पुढच्या वर्षी जाईल."

हेच तर धाकट्याला हवं होतं. तीन आठवड्यांपूर्वी मागितलेलं सगळंच्या सगळं बाबांनी आयतं पुढे ठेवलं होतं: ठपका ताईवर, आणि तो नामानिराळा.

"नाही," धाकटा म्हणाला. "आधी मी बोललो. मला जायचं नाही असं बोललो."

ब्रदरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "हा बोलला? कुणी ऐकलं?"

बाबांनी सदऱ्याची बाही सारखी केली. आत्याने डोळे उघडलेच नाहीत. आईच्या मांडीवर घड्यांचा ढीग होता. तिने तो बाजूला ठेवला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच मुलाकडे सरळ पाहिलं.

"मी ऐकलं," ती म्हणाली. "तीनदा बोलला. मला वाटलं, तुमची परीक्षा आहे."

"कसली परीक्षा?"

"तुम्हीच सांगता ना शेवटच्या तासात असं बोलायला? घरचे वळतात का बघायला?"

म्हाताऱ्या ब्रदरांना समजायला वेळ लागला. "आम्ही?" ते म्हणाले. "असं आम्ही कुणालाही सांगत नाही. कधीच नाही सांगितलं. जो बोलतो तो मनातलंच बोलतो." मग त्यांनी बाबांकडे पाहिलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाबांचं तोंड उघडं राहिलं. तीस वर्षं. दोनशे घरं. प्रत्येक घरी आदल्या दिवशी जाऊन, आवाज खाली आणून, कुणी वळायचं नाही. त्यातल्या किती खोल्यांत कोण काय म्हणालं असेल आणि किती आयांनी घड्या घातल्या असतील, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. ते सगळे बोटीत बसून गेले होते. बाबा खाली बसले, खुर्ची आहे की नाही न पाहता, आणि वहिनीने धावत जाऊन त्यांना धरलं.

मिशनची घंटा व्हायला लागली. कुणी टोल मोजले नाहीत. धाकट्याने खुर्चीत बसून झग्याचं वरचं बटण काढलं, आणि आई उठून त्याच्यासाठी पाणी आणायला गेली.

तेव्हा पडवीच्या दारात काका उभे असलेले ताईला दिसले. हातात दुपारचं ताट होतं, धुतलेलं. केव्हापासून उभे होते कोण जाणे. त्यांचे ओठ हलले, आधी नुसतेच, आणि मग आवाज आला, कित्येक दिवसांत न वापरलेला.

"काय गं," ते म्हणाले, "दुपारी मला हाक मारलीस का?"

सगळ्यांनी एकदम वळून त्यांच्याकडे पाहिलं, तसे ते एक पाऊल मागे सरले.